इस्तरीची मीटिंग

पहाटं पाच वाजता आमच्या दिवाळ्याच्या बंदरावर जाऊन, "जरा हळू बोला, माझी शांत वेळ चालू आहे," असं सांगनारी पोरगी मी उभ्या जन्मात एकच बघितली. ती माझी भाडेकरीन.

दिवाळं म्हंजे मासळीचं गाव. होड्या लागल्या की बंदरावर बाया भांडतात, बर्फवाला बोंबलतो, टेम्पोचा हॉर्न, कावळे, कुत्री. त्या टायमाला तिथं देव जरी आला तरी त्याला ओरडूनच बोलाया लागंल. आन ही एवढीशी पोरगी, चष्मा, गळ्यापर्यंत बटनं लावलेली, बायबल छातीशी धरून खाली गेली आन सांगून आली. पुरुष मानसं गपच झाली. लाजून नाय, चक्रावून. मंग बर्फवाला बोलला, "मॅडम, तुमची शांत वेळ नवाला ठेवा ना. नवाला आमी झोपतो."

तिनं ती बायबल वाचायची वेळ बदलली नाय. दुसऱ्या दिवशी पाचलाच गच्चीवर बसली, कानात कापूस घालून. बर्फवाल्याची माफी मात्र मागून आली.

तिचं नाव एस्तेर. माझ्या तोंडात ते बसंना. मी इस्तरी बोलाया लागली. गच्चीखाली उभी राहून "इस्तरीऽऽ" म्हनून हाक मारली की शेजारनी कपडे घेऊन बाहेर यायच्या. पन नाव तिला शोभलं. पोरगीच तशी, कडक, सरळ, कुठं सुरकुती नाय.

ती जालन्याकडची. बेलापूरच्या बाजूला फार्मसीच्या कॉलेजात शिकते. माझा पोरगा करंजाड्याला फ्लॅट घेऊन गेला तवापासनं वरची खोली मी भाड्यानं देते. पहिलं वर्ष ही गपचूप होती. दुसऱ्या वर्षाला एक दिवस पेढे घेऊन आली. बोलली, "आजी, मी लीडर झाले."

मला वाटलं, आता दारात बॅनर लागनार, फटाके फुटनार. मी इचारलं, "कोनत्या पार्टीची?"

"पार्टी नाही हो आजी. आमची फेलोशिप आहे ना, कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलामुलींची. दर शुक्रवारी जमतो, गाणी म्हणतो, वचन वाचतो. त्याची लीडर."

"मंग तुला काय मिळनार?"

"मिळणार काही नाही. माझ्याकडून अपेक्षा आहेत."

त्या दिवसापासनं माझ्या घरात अपेक्षा नावाची सवतच आली म्हना. काही इचारा, तिचं उत्तर तेच. पाचला कशाला उठते? अपेक्षा आहे. वाटेत दिसंल त्याला नमस्कार कशाला करते? अपेक्षा आहे. भर तापात वर्गमैत्रिनीला बघाया हॉस्पिटलात कशाला गेली? "आजी, लीडरनं आजाऱ्याला भेटायला जायचं, अशी अपेक्षा आहे." मी बोलली, "अगं, तूच आजारी हायस. बस सोताला भेटत."

जेवनाची तर वेगळीच तऱ्हा. लीडरनं सगळ्यात शेवटी जेवायचं. आता घरात मानसं दोन. ती आन मी. मला माझ्या आयनं शिकवलेलं, घरात परक्याचं पोर असंल तर आधी त्याच्या ताटात वाढायचं. ती बोलते आधी तुम्ही, मी बोलते आधी तू. कालवन गार, भात सुकला, मांजर मात्र जेवून गेली. शेवटी असं ठरलं, दोघींनी एकदम पहिला घास घ्यायचा. ती एक-दोन-तीन बोलायची. पळायची शर्यत असल्यासारख्या जेवायचो आमी.

आन तिला ओझं यायचं. मला आधी कळंना. संध्याकाळी पायरीवर तोंड पाडून बसायची. "आजी, मला कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांसाठी ओझं आलंय. त्यांचा मुलगा बोलत नाही त्यांच्याशी." म्हंजे काय, तर त्याच्यासाठी तिचा जीव जड झालेला, देवाकडं मागनं मागायचं व्हतं. मी बोलली, "बाय माझे, मी बेलापूरचे सगळे सेक्टर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरलेली हाय. गुडघे बघ माझे. ओझं मला नको सांगू." तर ती खरंच खाली बसून माझे गुडघे बघाया लागली. फार्मसीवाली ना. मलम आनून दिलं. चांगलं होतं मलम.

मी कोळीन हाय म्हनून तिला भारी कवतिक. एकदा बोंबील निवडताना बोलली, "आजी, येशूचे पहिले लीडर कोळीच होते. पेत्र, आंद्रिया. येशूनं बोलावलं आणि ते जाळी तिथंच टाकून त्याच्या मागं गेले!"

मी इचारलं, "जाळी टाकून? मंग घर कोन चालवी?"

तिनं चष्मा वर सारला. मी परत इचारलं,

"बायको व्हती का त्याला, त्या पेत्राला?"

"सासू होती असं लिहिलंय. ती तापानं आजारी होती, येशूनं तिला बरी केली."

"सासू बरी केली, चांगलं केलं. बायकोचं काय झालं?"

पोरीनं बोंबील खाली ठेवला. "याच्यावर मला विचार करावा लागेल."

मी बोलली, "कर. माझा धनी बी जाळी टाकून गेला. खाडीत मासळी ऱ्हायली नाय तवा गेला. पन कोना देवाच्या मागं नाय, बाटलीच्या मागं." मी हासून बोलली. त्याला आता लय वर्षं झाली. ती नाय हासली. तिनं माझ्या हातातली सुरी घेतली आन ऱ्हायलेले बोंबील सोताच निवडले. वाईट निवडले.

तिची शुक्रवारची मीटिंग माझ्या गच्चीवर व्हायची, कारन कॉलेज वर्ग देत नव्हतं. सुरवातीला दहा-बारा पोरं यायची. एकाकडं गिटार व्हती. मी किटली भरून चहा द्यायची. मंग गिटारवाला पास होऊन पुन्याला गेला. कोनाला ट्रेनिंग लागलं, कोनाला क्लास. गच्चीवर माझे बोंबील वाळत, त्या वासानं दोघी गेल्या. खरं सांगायचं तर इस्तरीच्या प्रार्थनेनंबी काही गेले. तिची प्रार्थना लांब. एकदा तिनं पनवेलपासनं सुरू केलं, एकेक स्टेशन घेत, त्या त्या कॉलेजाची पोरं, त्यांचे आयबाप, त्यांच्या परीक्षा. तुर्भ्याला पोचेपर्यंत चहा गार, एक पोरगा भिंतीला टेकून झोपलेला.

पावसाळा सरला तवा पोरं तीन ऱ्हायली, मंग दोन. इस्तरीचा चेहरा उतरला. एका रविवारी तिनं सांगितलं, पनवेलहून मोठी दीदी येनार. असे सगळ्या कॉलेजांचे ग्रुप ती दीदी बघते. मानसंच नसतील तर हा ग्रुप बंद करून नेरूळच्या ग्रुपात घालनार.

"मंग घालू दे. नेरूळ काय लांब हाय?"

"आजी, आमच्या कॉलेजातल्या नवीन मुलांनी मग कुठं जायचं? त्यांना तर नेरूळ कुठं आहे हेसुद्धा माहीत नसतं." डोळ्यात पानी. मला ते बघवंना.

मंग मी माझ्या डोक्यानं काम केलं. दीदी यायच्या शुक्रवारी मी माझी ननंद पारू, आन बाजारातल्या दोघी, अशा तिघींना चांगली लुगडी नेसवून गच्चीवर नेऊन बसवलं. सांगितलं, टाळ्या वाजवा आन तोंड बंद ठेवा. इस्तरी कॉलेजातनं धावत आली, बघते तर मीटिंग भरलेली. तिला इचारायला टाइमच नाय, मागनं दीदी आलीच.

दीदी भली बाई. सगळ्यांना हात जोडले. पारूला गोड आवाजात इचारलं, "तुम्ही कितवीला आहात?"

पारूनं तोंड बंद ठेवायचं सोडून सांगितलं, "मी? मी चौथीतच बसली."

दीदीला वाटलं कॉलेजचं चौथं वर्ष. बोलली, "अरे वा! या वयात फोर्थ इयर! किती प्रेरणादायी!"

आता पारू गप बसली असती, इस्तरी गप बसली असती, तर काय बिघडत व्हतं? पन इस्तरी उभी ऱ्हायली, लाल झाली, आन बोलली, "नाही दीदी. शाळेतली चौथी. आणि या तिघी आमच्या ग्रुपच्या नाहीत. आज कोणीच आलेलं नाही." मंग पारूकडं वळून, "आत्या, तुम्ही आलात त्याचा मला आनंद आहे. पण मला खोटं बोलता येत नाही."

पारू खाली उतरताना मला बोलली, "तुझी इस्तरी लय गरम हाय गं." पन जाताना तिच्यासाठी पापलेट ठेवून गेली.

दीदी रागावली नाय. बोलली, परीक्षेपर्यंत बघू. तोवर पोरं आली तर ग्रुप ऱ्हाईल, नाय तर नेरूळ.

त्याच्या फुडच्या शुक्रवारी मी खाली जाळं शिवत बसली व्हती. वरनं आवाज आला. "सर्वांचं स्वागत!" मंग गानं. इस्तरीचा सूर असा, की बाजूच्या गच्चीवरची कबुतरं उठतात. मंग टाळ्या. मंग "आता सूचना." मंग "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हंजे कोर्टातली नव्हं. त्यांच्यात आपल्यावर काय बेतलं आन देवानं कसं सांभाळलं, ते सगळ्यांफुडं उठून सांगतात. मला एवढा आनंद झाला. आली बाय पोरं! किटली ठेवली, कप धुतले, ट्रे घेऊन जिना चढली.

वर कोनी नव्हतं. चटया सगळ्या घातलेल्या, वळीनं, नीट. फुडं इस्तरी उभी. साक्ष इचारून थांबली व्हती. जेवढा वेळ कोनी उठून बोलंल तेवढा वेळ थांबली. मंग बोलली, "ठीक आहे, आता प्रार्थना."

मी बोलली, "कोनाशी बोलतेस?"

ती दचकली. चष्मा पुसला. "लीडरनं मीटिंग चुकवायची नाही, आजी."

"ते ठीक. मनात कर की. ओरडतेस कशाला?"

तिनं चटईचा कोपरा सरळ केला. मंग खाली बघून बोलली, "कोणी उशिरा आलं आणि जिन्यात उभं राहिलं, तर त्याला ऐकू जावं, की सुरू आहे म्हणून. वर शांतता असली की माणूस जिन्यातूनच परत जातो. पहिल्या वर्षाला मीटिंग दुसऱ्या एका घरी, वरच्या मजल्यावर व्हायची. तिथल्या जिन्यातून मी दोनदा परत गेले होते. इथं ओळखीचं कोणीच नव्हतं. तिसऱ्या वेळेला गाणं ऐकू आलं, म्हणून वर आले."

माझ्या हातात ट्रे. तो ठेवायला म्हनून वाकली, आन बसलीच चटईवर. परत उठनं माझ्या गुडघ्यांना जमनारं नव्हतं.

इस्तरीनं माझ्याकडं बघितलं. मंग सरळ उभी ऱ्हायली आन एकदम मीटिंगच्या आवाजात बोलली, "आज आपल्यात कोणी नवीन आलंय का?"

मी मागं बघितलं. मागं नुसते बोंबील. मी हात वर केला.

"आपलं नाव सांगा."

मला हासू आलं, पन तिचा चेहरा बघून दाबलं. "मथुरा," मी बोलली. लय दिवसांनी बोलली ते नाव. सगळे बाळूची आयच बोलतात.

"मथुराबाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मला काय सांगायचं व्हतं? काय नव्हतं. तरी तोंड उघडलं. सांगितलं, माझा धनी दारूनं गेला तवा तेराव्यापर्यंत घर मानसांनी भरलेलं. चौदाव्याला कोनी नाय. पोरगा ल्हान. मी दार सताड उघडं टाकून बसली, कोनीतरी येईल म्हनून. दुसऱ्या दिवशी बी तसंच. बाहेर पावलं वाजली की वाटायचं, आलं. पन मानसं फुडं निघून जायची. मंग एकदा सकाळी पाटी उचलली आन मीच निघाली. दार वढून घेतलं. एवढंच.

तिनं देवाचं वचन बी नाय काढलं. माझ्या बाजूला चटईवर येऊन बसली. मंग बोलली, "आजी, तुम्हाला ग्रुपमध्ये मोजता येणार नाही. तुम्ही कॉलेजच्या नाहीत."

मी बोलली, "नको मोजू. चहा वत."

परीक्षेपर्यंत मी दर शुक्रवारी वर जात गेली. जाळं घेऊनच जायची, हात कशाला रिकामे ठेवायचे. तिची प्रार्थना पनवेलपासनं तुर्भ्यापर्यंत माझी पाठ झाली. पोरं काय आली नाय. ग्रुप नेरूळात गेला, लीडर दुसरीच कोनतरी झाली. इस्तरी एक दिवस रडली, एक दिवस झोपली, मंग उठून अभ्यासाला लागली. आता तिचं बरं चाललंय.

परवा शुक्रवारी मी नेरूळला पारूच्या नातवाला बघाया गेली व्हती. येताना त्या नेरूळच्या ग्रुपाची मीटिंगची इमारत लागली, इस्तरी आता तिथंच जाते. मीटिंग वरच्या मजल्यावर. इस्तरी खाली जिन्याशी उभी, उन्हात, आत जायचं सोडून. समोरनं एक पोरगी आली, पाठीला कॉलेजची बॅग. दाराशी थांबली, वर बघितलं, फुडं गेली. परत आली. परत फुडं.

मला वाटलं, आता इस्तरी तिला हाक मारनार. नाय मारली. तिच्याकडं बघितलं बी नाय. वळली आन एकेक पायरी, सावकाश, जिना चढाया लागली, मोठ्यानं गानं म्हनत. तोच तो सूर. वॉचमन खुर्चीतनं उठून बघाया लागला.

बॅगवाली पोरगी थोडी थांबली. मंग गेली मागनं.