रायफलला ब्रेक, सासऱ्यांना दणका

"यंदा माझा शर्ट अखंड घरी येणार!" ड्वाइट पेरोने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, आणि लगेच कळवळला. उजवा खांदा गेल्या हंगामापासून कुरकुरत होता.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास," मार्लिस म्हणाली. "तुझं कपाट उघडलं की पुढून शर्ट आणि मागून पोलकं असेच कपडे दिसतात!"

त्यात खोटं काहीच नव्हतं. मिशिगनच्या उत्तरेला, तलावाजवळच्या जंगलात, मार्लिसच्या वडिलांचा, म्हणजे ओन्नी लाहतिनेन यांचा शिकारीचा कॅम्प होता. कॅम्प म्हणजे लाकडी खोपटं, एक शेगडी आणि एक कडक नियम. हरणावर बार काढून ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा त्याच संध्याकाळी कात्रीने कापायचा आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचा! इतरांचा एखाददुसरा तुकडा असायचा. ड्वाइटच्या तुकड्यांनी उत्तरेची अख्खी भिंत भरली होती. तिथल्या फटींतून येणारा वारा त्यामुळे कायमचा थांबला, म्हणून सासरेबुवांनी एकदा त्याचे आभारही मानले होते.

शर्टांचं दुःख ड्वाइटला फारसं नव्हतं. दुःख होतं ते नावाचं. ज्याने कॅम्पात एकही हरीण पाडलं नाही त्याला कॅम्पात नाव नाही, असा ओन्नींचा खाक्या होता. त्यामुळे लग्नापासून आजपर्यंत त्यांनी ड्वाइटला नावाने हाक मारलेली नव्हती. "मार्लिसचा तो कुठाय?" "मार्लिसच्या त्याला बटाटे सोलायला बसवा." लग्नाच्या मेजवानीत पेला उंचावून आशीर्वाद दिला, तोही "मार्लिस आणि तो सुखी राहोत!" असा. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं, एवढी एकच इच्छा ड्वाइट उराशी धरून होता.

आडवी येत होती ती रायफल. ती सासऱ्यांनीच लग्नात भेट दिलेली. हरणासाठी बनवली होती की रेल्वेच्या इंजिनासाठी, कोण जाणे! बार काढला की अशी लाथ मारायची की ड्वाइट उभा असेल तर बसायचा आणि बसला असेल तर आडवा व्हायचा. त्याच्या शरीराने या प्रकाराचा धसकाच घेतला होता. बोट घोड्याला लागायच्या आत डोळे गच्च मिटायचे आणि मान खांद्यांत जायची. वर्षभर गावाला चष्मे विकणारा माणूस, आणि ऐन वेळी डोळे बंद! बरं, रायफल बदलायची तरी कशी? सासऱ्यांची भेट होती ती.

म्हणून तो बेव्हच्या दुकानात गेला. पुढच्या खोलीत ती गळाला लावायचे जिवंत मासे विकायची आणि मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करायची.

"खांदा दुखतो?" बेव्हने विचारलं.

"माझा नाही. माझ्या एका मित्राचा."

बेव्हने त्याच्या खांद्यावर बोट दाबलं.

"आई गंऽऽ!"

"बराच जवळचा मित्र दिसतोय," बेव्ह म्हणाली आणि तिने काउंटरवर तीन ब्रेक मांडले. बाराचा दणका कमी करायला नळीच्या तोंडावर बसवायच्या लोखंडी टोप्याच त्या. पहिल्याला झाऱ्यासारखी सगळीकडून भोकं. "यातून वायू खालीही सुटतो. पालथा पडून बार काढलास, तर जमिनीवरची सगळी धूळ तुझ्याच तोंडात." दुसऱ्याला दोन्ही अंगांना बारीक चिरा. "हा सभ्य माणसांचा. दणका निम्मा." तिसरा चांगला जाडजूड, आणि त्याची तोंडं मागच्या बाजूला वळलेली.

"आणि हा?"

"हा लावलास तर खांद्यावर माशी बसली असं वाटेल. पण..."

"हाच!"

"अरे, पुढचं ऐक तरी! दणका कमी होतो म्हणजे तो काही देवाघरी जात नाही. हा ब्रेक तो वायू बाजूला आणि मागे फेकतो. आवाज तर विचारू नकोस! तुझ्या शेजारी कोण बसतं?"

"शेजारी? मला लांब ओढ्याकाठी एका ओंडक्यावर बसवतात. शेजारी बेडूकही नसतो."

"मग घे बाबा. पण कानांत बोळे घाल."

बेव्हने नळीला आटे पाडले, ब्रेक घट्ट बसवला आणि वर डिंकासारखं काहीतरी लावून तो कायमचा पक्का करून टाकला. ड्वाइट खडीच्या खाणीत गेला. कॉफीचा रिकामा डबा ठेवून, कानांत बोळे कोंबून त्याने बार काढला. डबा उडाला! कावळे उडाले ते बहुधा पुढच्या तालुक्यात जाऊन बसले. खांद्याला मात्र काही म्हणजे काही झालं नाही! तिसऱ्या बाराला तर डोळे उघडे राहिले आणि रायफलमधून जाळ निघतो हे ड्वाइटने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याने रायफलचा मुका घेतला, ओठ भाजले, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

आता प्रश्न हा ब्रेक लपवायचा कसा? ओन्नींच्या मते खांद्याला गादी लावणं, कानांत बोळे घालणं आणि कॉफीत साखर टाकणं ही सगळी नाजूक माणसांची लक्षणं होती. ड्वाइटने मार्लिसचा लाल लोकरी मोजा नळीच्या तोंडावर चढवला आणि दोरीने बांधला. निघताना मार्लिसने त्याला नवा चौकड्यांचा शर्ट दिला. "यंदा माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. ड्वाइटचे डोळेच भरून आले.

कॅम्पात शिरताच ड्वाइट सवयीने बटाटे सोलायला बसला, तेवढ्यात सासरेबुवांची नजर रायफलवरच्या मोज्यावर गेली.

"हे काय?"

"नळीत बर्फ जाऊ नये म्हणून, बाबा."

ओन्नींनी मोज्याकडे पाहून मान डोलावली. मग आपल्या मुलाकडे वळले. "रुडी, मार्लिसच्या त्याला अक्कल आली रे! उद्या याला मी माझ्या मचाणात नेतो."

ड्वाइटच्या हातातला बटाटा खाली पडला. सासऱ्यांचं मचाण! चार खांबांवर प्लायवूडचं खोकं, एक खिडकी, एक छोटा हीटर आणि मांडीला मांडी लागेल अशा दोन खुर्च्या. ओन्नींनी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि त्यात पोटच्या पोरालाही कधी घेतलं नव्हतं. पोटच्या पोराला ते चांगलंच झोंबलं.

"दाजी," रुडी गोड आवाजात म्हणाला, "मी कात्रीला धार लावून ठेवतो हं!"

ड्वाइटने हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन ब्रेक पिळून पाहिला. बेव्हने काम फारच इमानाने केलं होतं. ब्रेक जागचा हलला नाही.

सकाळी दोघं मचाणात चढले. ड्वाइटने कानांत घालायला खिशातून बोळे काढले.

"हरणाची पावलं बोळ्यांतून ऐकणार का?" ओन्नी म्हणाले. बोळे परत खिशात गेले.

"बाबा, तुम्ही जरा खाली जाऊन बसता का?"

"माझ्या मचाणातून मीच खाली?"

"तसं नाही. बाहेर हवा किती छान आहे!"

"बर्फ पडतोय."

"तेच म्हणतोय मी, छान पडतोय."

ओन्नींनी जावयाकडे बघत मांस-बटाट्याची पेस्टी काढली. त्या भागातली पेस्टी म्हणजे पायताणाएवढी करंजी. ती तोंडाशी नेली, तेवढ्यात झाडीतून हरीण बाहेर आलं. केवढी शिंगं! एवढं मोठं हरीण ड्वाइटच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं.

"मार!" सासरेबुवा पुटपुटले.

ड्वाइटने रायफल उचलली. गडबडीत मोजा काढायचा राहिला. हरणाला तो लाल रंग दिसेल म्हणून त्याने नळी खिडकीच्या बाहेर न काढता आतच ठेवली. नेम धरला. डोळे उघडे! हात स्थिर! घोडा दाबता दाबता मात्र त्याला सासऱ्यांचे उघडे कान आठवले, आणि नजर हरणावरून निसटून त्या कानांकडे गेली.

धडाऽऽम!

खिडकी चौकटीसकट जंगलात गेली. दार आपण होऊन उघडलं, बिजागऱ्यांवरून सुटलं आणि जिना उतरून निघून गेलं. छतातून उंदरांची जुनी घरटी दोघांच्या डोक्यांवर पडली. हीटर विझला. ओन्नींची टोपी गेली ती वसंतापर्यंत कोणाला दिसली नाही. पेस्टीचं कवच तेवढं त्यांच्या हातात राहिलं, आतलं सारण भिंतीला जाऊन चिकटलं. अशा सगळ्या धुमाकुळात ड्वाइटचा खांदा मात्र सुताएवढाही हलला नाही!

मग सगळं शांत झालं. जरा जास्तच शांत. दोघांच्याही कानांत नुसतं शूंऽऽऽ चालू होतं. ओन्नी आधी नळीवरच्या उघड्या पडलेल्या ब्रेककडे आणि मग जावयाच्या खांद्याकडे टक लावून बघत राहिले. कोणी ऐकत नाही ना, अशी आजूबाजूला नजर टाकून ते ड्वाइटच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. म्हणजे त्यांच्या समजुतीने ते कुजबुजले. प्रत्यक्षात त्यांचा आवाज ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर बसलेल्या रुडीपर्यंत खणखणीत पोचला.

"कोणाला सांगू नकोस! मलाही लाथ बसते! लग्न झाल्यापासून कोटाच्या खांद्यात तुझ्या सासूची, लेम्पीची सपात शिवून घेतलीय! आणि डोळे? डोळे मीही मिटतो!"

ड्वाइटला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. सासरे शिव्या देत असणार, असं धरून तो नम्रपणे मान डोलावत राहिला.

टेकडीवर रुडी थक्क होऊन बसला होता. आई आपल्या हरवलेल्या सपातेचा आळ इतकी वर्षं कुत्र्यावर घेत आली होती! तेवढ्यात त्याच्या पुढ्यातून तेच मोठं हरीण चालत गेलं. अगदी धडधाकट, आणि उजव्या शिंगावर एक लाल, धुमसणारा मोजा. रुडीने नेम धरला, पण हसण्याने तो इतका गदगदत होता की त्याचा बार सरळ आभाळात गेला. हरीण मोजा घेऊन निघून गेलं.

संध्याकाळी कॅम्पात न्यायनिवाडा झाला.

"मोजा लागला म्हणजे नेम लागला, असं कोणी म्हणू नये," रुडीने बजावलं. स्वतःचा सोगा त्याने आधीच कापून भिंतीला लावला होता. आता त्याने ड्वाइटसमोर कात्री कचकचवली. ऐकू येत नसलं तरी हा हावभाव ड्वाइटला चांगला ओळखीचा होता. बिचारा मुकाट्याने पाठमोरा झाला.

रुडीने सोगा धरून ओढला. टक, टक, टक! कात्री लागायच्या आत सोगा आपसूक सुटून त्याच्या हातात आला. कडेला ओळीने टिचबटणं लावलेली. रुडीने शर्टाचा खिसा चाचपला. आत त्याच कापडाचे आणखी दोन सोगे, छान इस्त्री करून घडी घातलेले! मार्लिसचा विश्वास खरंच पूर्ण होता.

ड्वाइट त्या सोग्यांकडे बघत खाली बसला. हरीण गेलं, मोजा गेला, मचाणाचं दार गेलं, आणि बायकोला हे सगळं आधीच माहीत होतं. उद्यापासून पुन्हा बटाटे. आयुष्यभर बटाटे.

तेवढ्यात ओन्नी उठले. त्यांनी टेबलावर हात टेकले, घसा साफ केला आणि आपल्याला स्वतःला ऐकू यावं एवढ्या आवाजात, म्हणजे छपराची कौलं हलतील एवढ्या आवाजात म्हणाले:

"ड्वाइट!"

रुडीच्या हातून कात्री पडली.

"ड्वाइट! पोरा, तुझा खांदा हलला नाही! तो ब्रेक माझ्याही रायफलला बसवून दे, ड्वाइट!"

ड्वाइटने वर पाहिलं. सासऱ्यांचं तोंड हलताना त्याला दिसलं. त्यांचा लाल झालेला चेहरा दिसला. समोरची रिकामी थाळीही दिसली. तो लगबगीने उठला आणि त्याने त्या थाळीत एक मोठा उकडलेला बटाटा वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे कान उघडले, आणि रुडीने त्याला सगळं सांगितलं. नावाने हाक मारली? मला? तीन वेळा? ड्वाइट धावतच सासऱ्यांकडे गेला. ओन्नी मचाणाचं दार शोधून आणून त्याला बिजागऱ्या ठोकत होते.

"बाबा! काल तुम्ही मला काय म्हणालात?"

"म्हणालो ते म्हणालो."

"पुन्हा एकदा म्हणा ना! मला ऐकू आलं नव्हतं, बाबा!"

ओन्नींनी तोंडातले खिळे काढले. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कोटाचा खांदा नीट केला आणि खोपटाकडे तोंड करून ओरडले, "रुडीऽऽ! मार्लिसच्या त्याला आत बोलाव. शेगडीवर बटाटे करपतायत!"