झडपेची ओटी

आमच्या शेजारचे दत्तोजीअण्णा युद्धनौकेच्या सुट्या भागांची ओटी भरायचे. हो, ओटीच! खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं यथासांग.

अण्णांच्या चार पिढ्या बेंगळुरातच गेल्या. घर बनशंकरीत, छोटंसं वर्कशॉप पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत. नौदलाच्या एकाच बनावटीच्या तीन विनाशिका होत्या. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या त्यांच्या धातूच्या झडपा अण्णा बनवत. स्वतः त्यांनी समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. पण झडप तयार झाली की ती त्यांची लेक आणि नौका तिचं सासर. दाबाखाली पाणी भरून ते तिच्यासमोर बसून राहत. थेंब दिसला की काम पुन्हा पहिल्यापासून.

"खारं पाणी सासूसारखं बघा. स्वल्प फट दिसली की शिरलंच! गळकी पोरगी देऊन नाव घालवू काय?"

एकदा ओटीचे तांदूळ झडपेतच राहिले. तपासणी अधिकाऱ्यानं 'आत परका पदार्थ' असा शेरा मारून पेटी परत धाडली. दुसरा कोणी शरमेनं मान खाली घालून बसला असता. अण्णा भडकले.

"परका पदार्थ? सोनामसुरी हाय ती!" मग जरा वेळानं, "सरी, ठीक हाय, यापुढं पेटीवर भरू."

यंदा त्या तिघींतली शेवटची नौकाही मोडीत निघाली. आता सगळं भट्टीत जाणार म्हटल्यावर अण्णांचं जेवणातलं लक्ष उडालं. त्यांना एक झडप परत हवी होती, आणि तीही ठरावीक नंबरचीच. मुंबईच्या भंगारवाल्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण अण्णांचं हिंदी म्हणजे मोठ्या आवाजातलं कन्नड.

"अण्णा, सगळ्या सारख्याच की," मी म्हटलं.

"लेकी सारख्या असतात व्हय?"

भंगारवाला आधी हसला. पण मी रोज फोन करून त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्यानं ती शोधून पाठवली. हिरवी पडलेली, खरबरीत झडप. अण्णांनी पाणी भरून पाहिलं. थेंबही गळला नाही. मला अण्णांचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, लेक माहेरी आलीय. ओटी भराल काय? हिची रुक्मानं भरली होती. पुढची तयार होईस्तोवर रुक्मा गेली. मग मीच भरत आलो."

अण्णांना मूलबाळ नाही. पंचवीस झडपांची पाठवणी करणारी त्यांची बायको गेल्यावर घरात ते एकटेच.

बायकोनं खण-नारळ ठेवला, तांदूळ घातले. या वेळी पेटीवर नाही, झडपेतच. अण्णांनी हरकत घेतली नाही. मी सवयीनं थट्टा केली, "मग अण्णा, आता पाठवणी कुठे?"

त्यांनी पदराची घडी सारखी करावी तसा तिच्यावरचा खण नीट केला.

"आता न्हाई धाडायची. मलाबी घरात कोण आहे?"