डोमाजी आणि जपानी धान

सिनेमात तलवारी उपसल्या गेल्या की डोमाजी तंबाखू मळायला घेत. दोन सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि हे शांतपणे डबीतून चुना काढताहेत. पण त्याच सरदारांच्या मागे धानाची बांधी दिसली, की ओरडत, "थांबवा गुरुजी, थांबवा!" मी चित्र थांबवायचो. मग डोमाजी टीव्हीला नाक लावून जपान्यांचे धुरे तपासत. बांधी म्हणजे भाताचं खाचर, आणि धुरा म्हणजे त्याभोवतीचा मातीचा बांध.

"लढा ना बाबू," ते सरदारांना सांगत, "पन पडीत जाऊन लढा. धानात काऊन लढून राहिले?"

डोमाजी माझे घरमालक. कोहमाऱ्यापासून सायकलवर अर्ध्या तासाचं गाव. बायको कौसल्या वारलेली, लेकी आपापल्या घरी. वाडवडलांनी गावचा तलाव बांधला याचा अभिमान असा, की त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कोणी गुरं नेली तरी यांच्या कपाळाला आठ्या पडत. मी तिथल्या शाळेत मास्तर. मुलांना मी काय शिकवतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माझ्याकडे सीडी प्लेअर आहे, एवढ्यावर त्यांनी मला खोली दिली होती.

झालं होतं असं. नव्याण्णव साली कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर चहा पिताना त्यांनी टीव्हीवर एका सिनेमाचा तुकडा पाहिला. बायका रोवणी करताहेत, चिखलात धानाची रोपं लावताहेत, एवढाच. "जापान का है, काका," ढाबेवाला म्हणाला आणि लाइट गेली. आली तेव्हा बातम्या चालू होत्या. सिनेमाचं नाव माहीत नाही, गोष्ट माहीत नाही, नट माहीत नाहीत. पण ते पिच्चर पुन्हा पाहायचंच, असं डोमाजींच्या डोक्यानं घेतलं होतं. कशासाठी, ते मात्र सांगत नसत.

माझा धाकटा भाऊ नागपूरला असतो. त्याला सिनेमाचा भारी नाद. त्यानं आधी जगात नावाजलेले जपानी सिनेमे धाडले. डोमाजींनी सगळे नापास केले. "नामीवाल्यात नाही ते. कोनी पाह्यलं नसन असं आना."

मग आमच्या रविवारच्या दुपारी सुरू झाल्या. भुताचा सिनेमा आला. पांढऱ्या कपड्यातली बाई तरंगत पुढे आली आणि माझी पाचावर धारण बसली. डोमाजी म्हणाले, "तिच्या मांगं पाहा, पानी काढाची मोरी किती बेस ठेवली हाय!" गुंडांचा सिनेमा सगळा शहरात घडत होता, त्यात ते घोरले. एका सिनेमात समुद्रातून डोंगराएवढं जनावर निघालं आणि थेट धानातून चाललं. डोमाजी हळहळले. "दाना भरून राहिला होता रे! आठ दिवसानं आला असता तं काय झालं असतं?" प्रेमाच्या सिनेमात नायक-नायिका धुऱ्यावर बसून रडू लागले. "रडा, पन धुरा फुटन," एवढीच त्यांची दाद.

खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी गोष्ट सांगायला जायचो. त्यांना नको असायची. एकदा मी चिडलोच. "अहो, तिथे माणूस मरतोय!"

"मरन बिचारा. तुमी बांधी पाहा."

खरं सांगायचं तर या शोधात बिघडलो मी. कुठल्या तरी म्हाताऱ्या न्हाव्याचा सिनेमा, टपाल वाटणाऱ्या बाईचा सिनेमा, जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पाहिले नसतील असे सिनेमे पाहून मी हळवा होऊन बसायचो, आणि शेजारून आवाज यायचा, "हेबी नाही."

अशी दहा-अकरा वर्षं गेली. माझी बदली चिचगडला झाली, सामान बांधलं, फक्त टीव्ही आणि प्लेअर तेवढे बाहेर ठेवले. शेवटच्या रविवारी भावाची शेवटची सीडी लावली. 'यात काहीच घडत नाही, दादा,' असं त्यानं पाकिटावर लिहिलं होतं.

अर्ध्यावर रोवणी आली. चिखलात बायकांची रांग, आमच्याकडे पाठ करून, रोवत रोवत मागे सरकणारी. मी रिमोट धरून वाट पाहत होतो, पण डोमाजी ओरडले नाहीत. एक बाई सरळ झाली, कमरेवर मनगट टेकवलं, क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. एवढंच. डोमाजींच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली होती.

"हेच?" मी विचारलं.

"हेच."

"पण तिचा चेहरा तर दिसलाच नाही."

"चेहरा कायले पाहिजे, गुरुजी?" ते टीव्हीकडे पाहतच बोलले. "मी धुऱ्यावर उभा राहून रोवाले पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकत होतो. बाया मांगं मांगं सरकत माह्याकडे येत. मले पाठच दिसे. कौसल्या अशीच उभी राहे, कमरेवर मनगट ठेवून. आन मी ओरडत होतो, वाक, वाक, दिवस चालला. तीस साल ओरडलो."

इतकी वर्षं या माणसावर मनातल्या मनात हसलो, याचं मला फार वाईट वाटलं. मी तो तुकडा पुन्हा लावला. रांग मागे सरकली. बाई सरळ झाली, कमरेवर मनगट आलं.

"थांबवा," डोमाजी हळूच म्हणाले.

मी थांबवलं. या वेळी ते उठून टीव्हीजवळ गेले नाहीत. धुरा तपासला नाही.

"राहू द्या उभी," ते म्हणाले. "घेऊ द्या तिले जरासा आराम."

लाइट जाईपर्यंत ती तशीच उभी होती.