पास झाल्याचा विचार

माणूस जसा विचार करतो तसंच त्याच्या आयुष्यात घडतं, हे मी अख्ख्या कोचकोर गावाला दाखवून देणार होते! हसू नका. आधी ऐका.

आमच्या सांस्कृतिक भवनात राजधानीहून एक बाई व्याख्यानाला आल्या होत्या. गुलाबी कोट, टोकदार बूट, आणि आवाज असा की मागच्या रांगेत पेंगणारे म्हातारेही दचकून टाळ्या वाजवायला लागले. त्या म्हणाल्या, "वाईट विचार मनात आला की अंगणातल्या कोंबडीसारखा हाकला! आणि जे हवंय ते मिळालंच आहे असं धरून चाला. मोठ्यांदा बोला!"

मला हवं होतं ड्रायव्हिंग लायसन. पन्नाशी उलटल्यावर! चार वेळा परीक्षा दिली, चारही वेळा आपटले. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची असते. माझी दर वेळी मागेच जायची, आणि ताबाल्दी इन्स्पेक्टर उडी मारून बाजूला व्हायचे. आमचे हे म्हणायचे, "शायिर, तू गाडी उलटं तोंड करून उभी कर. म्हणजे बरोबर पुढे जाशील!"

नुसती हौस नव्हती हो ती. सासूबाईंची धाकटी बहीण घाटापलीकडे जुमगालला राहते. सहा वर्षं दोघींची भेट नव्हती. यांना विचारलं की, "पुढच्या आठवड्यात जाऊ, आई." तो आठवडा काही उगवेना! सासूबाई बोलायच्या नाहीत, पण बहिणीचा फोन ठेवला की रुमालाच्या टोकाने डोळे पुसायच्या. मी ठरवलं, सासूबाईंना मीच घेऊन जाणार. आता तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. म्हणजे, फारशी वेगळी नाही.

तर दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना मी डोळे मिटले आणि ओरडले, "मी पास झाले! लायसन माझ्या हातात आहे!"

कुंपणापलीकडे बादली कलंडल्याचा आवाज आला. शेजारच्या जानिलताई गाय सोडून पळाल्या होत्या. मी डोळे उघडेपर्यंत त्या आमच्या दारात!

"सुयुंचू! तुर्सुनाय आजी, सुयुंचू! सून पास झाली!"

आनंदाची बातमी सगळ्यात आधी आणून कुणी सुयुंचू मागितली की द्यावीच लागते. रुमाल द्या, साखर द्या, फार तर कोकरू द्या. आमच्या सासूबाई म्हणजे पाहुण्यांपुढे मनुकासुद्धा हात आखडून ठेवणाऱ्या. मी धापा टाकत आत शिरले तर त्या म्हणत होत्या, "जानिल, माझी तांबडी घोडी घेऊन जा."

"आई! घोडी?"

"मग काय कोंबडी देऊ? माझी सून गाडी चालवणार!" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शाब्बास."

त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं, मान्य! पण तुम्हीच सांगा, तीस वर्षांनी हातात पडलेला शब्द कुणी लगेच परत करतं का? मी तोंड उघडेपर्यंत सासूबाईंनी जुमगालला फोनही लावला होता. "उद्या येतेय गं! सून आणतेय!" पलीकडून रडण्याचा आवाज आला, अलीकडूनही आला. आमचे हे मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेलेले. तेव्हा माझं पितळ उघडं पाडायलाही घरात कुणी नव्हतं.

सकाळी गाडीत तळलेल्या बोर्सोक पावांचं पोतं चढलं, गाद्या चढल्या, सासूबाई चढल्या. जानिलताईही चढल्या. "घोडी घेतली, निदान सोबत तरी करते!" माझी सगळी भिस्त गाडीवर होती. ती भर उन्हाळ्यातही चार माणसांनी ढकलल्याशिवाय चालू होत नाही. मी मन एकाग्र केलं. चालू होणार नाही, चालू होणार नाही! किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू!

पण खरं सांगते, चालवली मी झकास. मेंढ्यांचा कळप आला, थांबले. रस्ता सपाट, हवा छान. मला वाटायला लागलं, कुणास ठाऊक, झालेही असेन पास! तेवढ्यात घाटाखालची चौकी आली आणि दांडकं वर करून उभे कोण, तर ताबाल्दी. मला पाहताच सवयीने उडी मारून बाजूला झाले.

"शायिर वहिनी, तुम्ही?"

सासूबाईंनी काच खाली केली. "हिला पास करणारा तूच ना रे बाळा? ये, ये इकडे!"

ताबाल्दींनी तोंड उघडलं. पण सासूबाईंनी दोन्ही तळवे वर धरले होते. मोठं माणूस आशीर्वाद द्यायला लागलं की आमच्याकडे कुणी मध्ये बोलत नाही, पोलीससुद्धा नाही! दांडकं काखेत मारून ते बिचारे तळवे पसरून उभे राहिले.

"या पोराचं भलं होऊ दे. याच्या दारात पाहुणे येऊ देत. माझ्या सुनेची वाट मोकळी असू दे. मी हिच्याशी कधी गोड बोलले नाही, तरी हिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही. पोटच्या पोराला जमलं नाही ते हिने मनावर घेतलं. ओमीन!"

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. माझे हात ओले झाले. आता मात्र राहवेना.

"आई, मी पास झालेली नाही."

"लायसन हातात आहे म्हणालीस ना?"

"तसा विचार केला होता."

सासूबाईंनी ताबाल्दींनाच धरलं. "घरापासून इथवर हिनेच आणलं. कुठे धडकली नाही. मग नापास कशी रे?"

"आजी, वहिनींची गाडी चढावर मागे जाते. आणि इथून पुढे सगळा चढच आहे."

आणि ताबाल्दींनी किल्ली काढून घेतली. तिकडे जुमगालची मावशी तर सकाळपासून फाटकात उभी असणार! तेवढ्यात मागच्या सीटवरून जानिलताई खाकरल्या.

"मी चालवू का?"

"तुम्हाला येतं?"

त्यांनी स्वेटरच्या आतून लायसन काढलं. कोरं करकरीत! "मागच्याच महिन्यात झाले. पहिल्याच फटक्यात. दृष्ट लागेल म्हणून कुणाला बोलले नाही."

ताबाल्दींनी मान डोलावली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"म्हणजे लायसन हिचं, आणि घोडी पण हिलाच!" सासूबाई कडाडल्या.

"आजी, घोडी परत घ्या ना."

"दिलेलं परत घेत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि हे जानिलताईंना सांगताना बघत मात्र माझ्याकडे होत्या. "चल, काढ गाडी."

दुपारी जुमगालच्या फाटकात दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या सुटेचनात. मीही यथेच्छ रडून घेतलं.

तर सांगायचं म्हणजे, गुलाबी कोटवाल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्या गाडीतून, माझ्यासोबत, सासूबाई बहिणीच्या दारात उतरतायत, असाच मी रोज विचार करत होते. शब्दन् शब्द तसंच घडलं! मी गाडीत नक्की कुठे बसलेली असेन, तेवढं विचारात घ्यायचं राहून गेलं.