शिट्टी मारणारी गोधडी

आत्याच्या गोधडीने शिट्टी मारली तेव्हा परीक्षक बाई फक्त तीन गोधड्या अलीकडे होत्या. शिट्टी बारीक होती, सरळ होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. गोधड्या-कापडांच्या त्या भल्यामोठ्या प्रदर्शनात पलीकडे नुसता गलका होता. शिवणयंत्रं खडखडत होती, कापडाची ठाणं उलगडली जात होती, नव्या कात्र्या फुकट चालवून बघायला बायकांची झुंबड उडाली होती. स्पर्धेच्या दालनात मात्र परीक्षेच्या वर्गासारखी शांतता होती. त्यामुळे शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली आणि प्रत्येकाने आधी आपापला मोबाइल तपासला.

दादांनी तेवढा तपासला नाही. दादा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. ते एक्केचाळीस नंबरच्या गोधडीसमोर, म्हणजे आत्याच्याच गोधडीसमोर, बाकावर पाय पसरून बसले होते. त्यांच्या कानाचं यंत्र परवा संध्याकाळपासून घरातून बेपत्ता होतं. सोफ्याच्या गाद्या उलट्या करून झाल्या, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतून झाला, पण यंत्र काही सापडलं नाही. शोध लागला तो वेगळाच. यंत्राशिवाय दादांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटतं, आणि ते ऐकून रस्त्यावरची माणसं वर बघतात. कालच त्यांनी मुलीच्या कानात शेजारणीच्या गाण्याबद्दल आपलं मत सांगितलं होतं. शेजारीण तेव्हापासून गायलेली नाही.

ही मुलगी, म्हणजे आत्याची भाची, दोघांना गाडीत घालून इथे घेऊन आली होती. आता ती मान तिरकी करून शिट्टी ऐकत होती.

"आत्या, ही शिट्टी मी कुठेतरी ऐकलीय."

"कुठे?"

"आपल्या गाडीत."

ते खरं होतं. काल गोधडी जमा करायला निघाल्या तेव्हा गाडी वाटभर अशीच शिट्टी मारत होती. गोधडी इथे देऊन भाची तडक गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, कान लावला आणि इंजिनाचा पट्टा गेलाय असं छातीठोक सांगितलं. पट्टा बदलला आणि गाडी गप्प झाली. माणूस हुशार आहे, असं घरात सगळ्यांचं एकमत झालं.

"पण गॅरेजमध्ये पोचायच्या आधीच गाडी गप्प झाली होती की," भाची हळूहळू म्हणाली. "गोधडी उतरवली आणि शिट्टी थांबली. आत्या, परवा बाबा कुठे बसले होते गं?"

"दादा? माझ्या खोलीत. रोज बसतो तसा."

"आणि यंत्र?"

"मशीन सुरू झालं की तो काढून ठेवतो. कुठेही ठेवतो मेला, बंदसुद्धा करत नाही. मग कशाखाली दबलं की ते शिट्टी मारत बसतं." आत्या बोलता बोलता थांबली. "अगं, शेवटचा कोपरा राहिला होता. कडेला गोट लावताना आत काहीतरी टोचलं. मी म्हटलं कापसाची गुठळी असेल."

दोघींनी एकाच वेळी गोधडीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा निरागसपणे लोंबत होता आणि शिट्टी मारत होता.

आता गोधडी सरळ उतरवून कोपरा उसवता आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण स्पर्धेचे नियम दारावरच लावले होते. टांगलेल्या गोधडीला कोणी हात लावायचा नाही. लावायचाच तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविकेने. आणि गोधडी कोणाची आहे हे परीक्षकाला कळता कामा नये. कळलं की गोधडी बाद. म्हणून प्रत्येकीवर नुसता नंबर होता, आणि शिवणाऱ्या बायका आपापल्या गोधडीपासून लांब, आपला काही संबंध नसल्यासारख्या, घाम पुसत उभ्या होत्या.

आत्याचा तर जीव टांगणीला लागला होता. तिने आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेनी बदलल्या, उसवलेले खिसे शिवले. लग्न केलं नाही. दादांच्या घरातली मागची खोली तिची आणि तिच्या मशीनची. कामातून उरलेला एकेक तुकडा तिने जपला आणि त्यातून ही गोधडी शिवली. स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता शिवलेली ही पहिलीच वस्तू. दादा तिला चिंध्या म्हणत. "झाल्या का चिंध्या जोडून?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. आत्याला बक्षिसाचं फारसं काही नव्हतं. कोणीतरी जाणत्या माणसाने एकदा दादांसमोर सांगावं की या चिंध्या नाहीत, एवढ्यासाठी तिने फॉर्म भरला होता आणि त्यांना मुद्दाम सोबत आणलं होतं.

तेवढ्यात वॉकीटॉकीवाल्या बाई धावत आल्या. वॉकीटॉकी हातात असल्यामुळे त्या आवश्यकतेपेक्षा जास्त धावत होत्या.

"आगीचा अलार्म आहे तो," त्यांनी जाहीर केलं. "छतावरचा. बॅटरी उतरली की असाच किंचाळतो. वायरमनला बोलवा."

वायरमन शिडी घेऊन आला. छतावरचा अलार्म नेमका एक्केचाळीस नंबरच्या डोक्यावर होता. त्याने शिडी लावली, वर चढला, अलार्म काढून खिशात टाकला. शिट्टी चालूच राहिली. त्याने खिशाकडे संशयाने पाहिलं. मग खाली बाकावर एवढ्या गोंगाटात प्रसन्न चेहऱ्याने बसलेल्या एकमेव माणसाला त्याने विचारलं, "काका, आवाज नक्की कुठनं येतोय?"

दादांनी हसून मान डोलावली. दोन दिवस ते सगळ्याच प्रश्नांना हसून मान डोलावत होते आणि त्यात त्यांचं काही अडलं नव्हतं.

"मी हातमोजे मिळवते," भाची आत्याच्या कानात म्हणाली. "तू बाबांना सांभाळ."

"मी त्याच्याजवळ गेले तर तो माझ्याशी बोलेल. आणि तो बोलला तर..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. आत्या उलट एका खांबाआड सरकली.

स्वयंसेविकांच्या टेबलावर हातमोज्यांचं खोकं होतं आणि माणूस नव्हतं. भाचीने एक जोडी चढवली आणि जमेल तेवढ्या अधिकाराने एक्केचाळीसच्या दिशेने निघाली. तिला वाटलं होतं हातमोजे घातले की वाट मोकळी होईल. झालं उलटंच. पाच पावलं गेली नाही तोच एका बाईने तिला अडवलं.

"ही जरा उलटी करून दाखवता? मागचे टाके बघायचेत."

तिने दाखवली. दुसऱ्या बाईला शेजारची बघायची होती. तिसरीला आत कापूस आहे की लोकर आहे हे विचारायचं होतं.

"कापूस," भाची म्हणाली.

"मला लोकर वाटतेय."

"मग लोकर."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" बाईंनी चष्मा लावून तिच्याकडे पाहिलं. भाचीची पाचावर धारण बसली. तेवढ्यात मागून वॉकीटॉकीवाल्या बाईंचा आवाज आला, "तुम्ही, हातमोजेवाल्या, इथे काय करताय? परीक्षकांसोबतची मुलगी आवाजाने डोकं धरून बसलीय. तुम्ही जा. त्या सांगतील तो कोपरा धरायचा, तोंड उघडायचं नाही."

अशा रीतीने आत्याची सख्खी भाची आत्याच्याच परीक्षकाची मदतनीस झाली.

परीक्षक बाई उंच होत्या, कमी बोलत होत्या आणि हातात पातळ मोजे घालून प्रत्येक गोधडीवरून सावकाश तळवा फिरवत होत्या. चाळीस नंबरला त्यांनी वाकून टाके पाहिले, ओठ दुमडले आणि पाठ फिरवून कागदावर लिहू लागल्या. भाचीला तेवढाच वेळ होता. ती एक्केचाळीसच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर बसली आणि कापडावरून चाचपू लागली. यंत्र हाताला लागलं. दाबलं तशी शिट्टी आणखी चढली. शिडीवरचा वायरमन दचकून वायरीपासून लांब झाला.

यंत्राला बटण नव्हतं. बॅटरीचं इवलंसं झाकण उघडलं की ते बंद होतं. दादांच्या कानामागचं ते झाकण तिने कितीदा तरी उघडलं होतं, पण उघड्या डोळ्यांनी आणि उघड्या बोटांनी. इथे मध्ये हातमोजा, कापड आणि कापूस. तिने नखाने एक कड पकडली. ती चुकीची होती. दुसरी पकडली, निसटली. वर पेनाची खरखर थांबली. परीक्षक बाईंनी टोपण लावल्याचा आवाज आला. भाचीने डोळे मिटून नख रुतवलं आणि आत काहीतरी टिक करून उघडलं.

दालन गप्प झालं. वायरमनच्या हातात तेव्हा योगायोगाने कुठलीशी वायर होती. त्याने ती अभिमानाने उंच धरली आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. खांबाआडून आत्याने हळूच मान बाहेर काढली.

"एक्केचाळीस," परीक्षक बाई म्हणाल्या.

त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग तळवा फिरवू लागल्या. वरून खाली, मधून कडेला. निळ्यावरून करड्यावर, करड्यावरून पिवळ्यावर. हात खालच्या उजव्या कोपऱ्यावर आला आणि थांबला.

"इथे गुठळी आहे."

भाचीने तोंड उघडायचं नव्हतं. परीक्षक बाईंनी गुठळी पुन्हा दाबली. झाकण मिटलं तर संपलंच. पण त्यांनी हात उचलला आणि परत मधल्या भागाकडे नेला.

"काम मात्र बघण्यासारखं आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जुन्या तुकड्यांचा ताण एवढा सारखा ठेवणं सोपं नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाकावर दादांच्या शेजारी तेवढ्यात एक थकलेल्या आजीबाई येऊन बसल्या होत्या. दोन दिवसांत दादांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. ते त्यांच्याकडे झुकले, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले. ती कुजबुज दालनाच्या दोन्ही दारांतून बाहेर गेली.

"ही माझ्या बहिणीची आहे बरं का."

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. भाचीने हातमोज्यांतले दोन्ही हात हवेत हलवले. दादांना वाटलं मुलगी हात हलवतेय, त्यांनीही हलवला.

"मी तिला चिंध्या म्हणतो," दादा पुढे कुजबुजले. "मोठा भाऊ ना, तोंडावर कसं सांगणार. पण असं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. तो निळा तुकडा माझ्या ऑफिसच्या शर्टाचा. मी टाकून दिला होता, तिने उचलला. रोज संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन बसतो मी. मशीन फार खडखडतं, म्हणून कान काढून ठेवतो आणि तिचे हात बघत बसतो. ती समजते मी पेपर वाचतो." त्यांनी जरा विचार केला. "तिला सांगू नका. ती बघा तिकडे, खांबाआड उभी आहे ती. करड्या स्वेटरमधली."

आजीबाईंनी बघितलं. वॉकीटॉकीवाल्या बाईंनी बघितलं. वायरमनने शिडीवरून बघितलं. शेवटी परीक्षक बाईंनीही मान वळवली. आत्या खांबाला टेकून उभी होती आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होती, आणि आपण हे सगळ्यांसमोर करतोय याचं तिला भान नव्हतं.

परीक्षक बाईंनी एक्केचाळीसच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "नियम आहे," त्या म्हणाल्या. मग त्या कागद भाचीच्या हातात देऊन सरळ खांबापाशी गेल्या. "आता बाद झालीच आहे, तर विचारायला हरकत नाही. गोट इतका सपाट कसा बसवलात? शेवटचा कोपरा सोडून."

संध्याकाळी गाडीत दादा पुढे बसले, आत्या मागे, आणि तिच्या शेजारी घडी घातलेली गोधडी. दादांना निकालाचं कोणीच काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हटलं तरी ओरडावं लागलं असतं. गाडी पहिल्याच खड्ड्यातून गेली, गोधडीत कुठेतरी झाकण मिटलं आणि शिट्टी सुरू झाली.

"थांब, बाजूला घेते," भाची म्हणाली. "तुझ्या पिशवीत कात्री आहे ना? कोपरा उसवू आणि बाबांना कान देऊन टाकू."

पुढच्या सीटवर दादा मुलीकडे झुकले होते आणि तोंडावर हात धरून कुजबुजत होते. मधली चौकट त्यांना फार आवडली होती. पिवळा रंग तिथे घालायचं दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

आत्याने गोधडी मांडीवर ओढून घेतली. "चालू दे गाडी," ती म्हणाली. "उद्या उसवते."