सरासरीबाई

डॉक्टर सामंतांचा मधुमेह आणि थायरॉइडवरचा शोधनिबंध छापून आला, आणि पाचव्या दिवशी सकाळी त्यातली सरासरी रुग्ण कुमुदताईंच्या दाराशी येऊन उभी राहिली.

बाई मध्यम उंचीची, मध्यम बांध्याची होती. नाक थोडं कुमुदताईंचं, हनुवटी बरीचशी समोरच्या रजनीची. निबंधासाठी शिक्षक कॉलनीतल्या ज्या बायकांचं रक्त घेतलं होतं, त्या सगळ्यांचं थोडं थोडं तिच्यात आलं होतं. कुमुदताईंनी तिला बसायला सांगून पाणी दिलं.

"तुम्ही हल्ली फिरायला जाता," बाई म्हणाली.

"हो. साखर छान उतरली."

"तेच बोलायला आले. माझी साखर छापलेली आहे, ती हलत नाही. तुमची उतरली की तेवढी दुसऱ्या कुणाला तरी घ्यावी लागते."

"कोण घेतंय?"

"सध्या रजनीताई."

रजनीला चार दिवसांपासून धुरकट दिसत होतं. कुमुदताई पदर खोचून तडक दवाखान्यात गेल्या.

"डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. रक्त घ्यायला तुम्ही संक्रांतीचा दिवस ठरवलात. उपाशीपोटी या म्हणालात. पण दवाखान्याच्या दारातच सावंतवहिनींनी हातावर तिळगूळ ठेवला. संक्रांतीला तिळगुळाला नाही कसं म्हणायचं?"

"किती जणींनी खाल्ला?"

"सगळ्यांनी. रजनीनं दोनदा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे खरी सरासरी बरीच खाली."

"मग दुरुस्त करा की!"

डॉक्टर उठून दार लावून आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ती आता माझं ऐकत नाही, ताई. काल घरी येऊन बसली होती. माझ्या आईची साखर विचारत होती."

"आई कुठे होत्या निबंधात?"

"नव्हती. पण ती म्हणते, निबंध सगळ्यांना लागू आहे."

परतताना कुमुदताई रजनीकडे डोकावल्या. रजनी ओट्यावर हात फिरवत चहाचा डबा शोधत होती.

"कुमुद, तूच ना गं? आवाज तर तुझाच."

"मीच. डोळे कसे आहेत?"

"बरंय की! लाडूच दिसत नाहीत म्हटल्यावर पथ्य आपोआप होतंय." ती हसली, आणि हसता हसता तिचा हात उकळत्या पातेल्याकडे गेला. कुमुदताईंनी तो झटकन मागे ओढला.

घरी सरासरीबाई पायरीवरच बसली होती. कुमुदताईंनी पेढ्यांचा पुडा सोडला, ताटलीत ओतला आणि तिच्यासमोर बसून खायला सुरुवात केली. एक संपवून दुसरा घेतला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडे," बाई मायेनं म्हणाली.

खाता खाता कुमुदताईंना घाम फुटला. जीभ कोरडी पडली. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून खणखणीत हाक आली.

"अगं कुमुद! तुझ्या पायरीवर कोण बसलंय गं? पाठमोरी अगदी माझ्यासारखी दिसतेय!"

कुमुदताईंनी मान वर केली. खिडकी होती तिथे नुसता पांढुरका उजेड होता.

"पाहुणी आहे," त्या म्हणाल्या, आणि चाचपत पुढचा पेढा उचलला.