बबडीला कोण अडवणार?

आपल्या पंपिंग स्टेशनात परवानगीशिवाय वारासुद्धा शिरत नाही, असं मॅडम चारचौघांत ठासून सांगत. अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या हाताखालून जायचं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर शंका घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. शंका घेतली ती त्यांच्या पोटच्या पोरीनेच!

पोरीचं कागदावरचं नाव काही का असेना, सगळे तिला बबडी म्हणत. बारावी झाल्यावर बबडीपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे घराजवळच्या कॉलेजात साधं संगणकशास्त्र. दुसरी लांबच्या विद्यापीठातली, सायबर सुरक्षेची. पाणी, वीज, दवाखाने यांच्या यंत्रणा घुसखोरांपासून कशा वाचवायच्या, हे तिथे शिकवत. बबडीचा जीव त्या लांबच्या विद्यापीठात अडकला होता आणि आईचा जीव बबडीत!

त्या विद्यापीठाची एक अट होती. जवळची एखादी सार्वजनिक यंत्रणा रीतसर परवानगीने तपासायची आणि तिच्यातली एक कच्ची जागा शोधून त्यावर लिहायचं.

"आई, तुझंच स्टेशन तपासू?"

"खुशाल तपास!" मॅडमनी लगेच परवानगीवर सही ठोकली, गेटवर मात्र कुणाला काही कळवलं नाही. मनातल्या मनात मांडे खाणं तेव्हाच सुरू झालं होतं. पोरगी गेटवरच अडणार, कच्ची जागा सापडणार नाही, प्रवेश हुकणार आणि ती घरीच राहणार. आईची माया कधीकधी फार लबाड असते!

ठरल्या दिवशी मॅडम आपल्या खोलीत फोनशेजारी बसून राहिल्या. 'एक मुलगी आत घुसू पाहतेय' असा गेटवरून फोन येणार होता ना! चहा आला, गार झाला. फोन आपला गप्प. शेवटी न राहवून त्या बाहेर आल्या. गेट सताड उघडं, आणि गेटवरचे काका आतल्या बाजूने घाम पुसत येत होते.

"कुठे गेला होतात?"

"बबडीला आत सोडायला. केवढी जड सॅक हो पोरीची! मीच उचलून नेली."

"उघडून पाहिलीत?"

"कुणाची? बबडीची?" काका इतके दुखावले, की मॅडमना त्यांचीच समजूत काढावी लागली.

"बरं, आता ती आहे कुठे?"

"पंपांच्या पॅनेलवर बसणाऱ्या मामांच्या ताब्यात दिली."

मॅडम कंट्रोल रूमकडे पळत सुटल्या. अर्ध्या वाटेत मामाच समोरून आले, सायकलवर!

"तुम्ही इकडे? मग पॅनेलवर कोण?"

"बबडी आहे की! भूक नाही म्हणते, पण अभ्यासाने तोंड एवढंसं झालंय हो. बिस्किटं घेऊन आलोच!" आणि मॅडम काही बोलायच्या आत मामा पसार.

कंट्रोल रूममध्ये बबडी एकटीच मामांच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. इथे कशालाही हात लावायचा नाही, ही लहानपणापासून आईचीच शिकवण. समोर लाल दिवा लुकलुकत होता आणि भोंगा कोकलत होता.

"आई, टाकी भरली वाटतं! मी कश्शाला हात लावलेला नाही!"

मॅडमनी झडप घालून पंप बंद केला. पण तोवर टाकी ओसंडली होती. खाली उभी असलेली मुख्य अभियंत्यांची गाडी सकाळीच धुतलेली होती, ती पुन्हा धुऊन निघाली. या खेपेला काचा उघड्या होत्या!

सीटा पुसून आणि माफी मागून झाल्यावर मायलेकी मॅडमच्या खोलीत येऊन बसल्या.

"सापडली की तुला कच्ची जागा," मॅडम म्हणाल्या.

"सापडली. पण मी लिहिणार नाही."

"का गं?"

"काय लिहू? सगळे माझे लाड करतात, म्हणून स्टेशन धोक्यात आहे? काकांची नोकरी जाईल, मामांचीही जाईल. राहू दे ते विद्यापीठ. मी घराजवळच शिकते."

झालं! हवं होतं तेच आयतं पदरात पडलं होतं. मॅडमनी नुसतं 'बरं' म्हणायचा अवकाश. पण पोरीचे डोळे डबडबले होते.

"लिही," त्या म्हणाल्या. "ओळखीच्या माणसालाही कार्ड विचारायचं, असा नियम इथे नाही. तो करायचं काम माझं होतं. चूक माझी, असं स्वच्छ लिही."

"तुला बोलणी बसतील."

"गाडीबद्दल बसणारच आहेत, त्यातच उरकून घेते!"

"आणि मी खरंच लांब गेले तर?"

"तर मी रडेन. म्हणून काय तू इथे बसून राहणार?"

पण आधी रडली ती बबडीच.

यथावकाश बोलणी बसली, नियम झाला, काका-मामांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या आणि बबडीला प्रवेश मिळाला. तिला विद्यापीठात पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मॅडम कामावर हजर झाल्या, तर गेटवर काका आडवे.

"कार्ड?"

"अहो, मी आहे!"

"ते दिसतंय. पण कार्ड?" काका आभाळाकडे बघत म्हणाले. मॅडमच्या नजरेला नजर द्यायची बिचाऱ्यांची छाती नव्हती.

नियम आपलाच, बोलणार कुणाला? मॅडम मुकाट्याने घरी परतल्या. कार्ड शोधत बबडीच्या खोलीत शिरल्या. तिच्या पलंगावर जरा टेकल्या. उशी उगाचच झटकली, पुन्हा जागेवर ठेवली, त्यावर हात फिरवत बराच वेळ बसून राहिल्या. मग उशीर झाल्याचं ध्यानात आलं, तसं घाईघाईने डोळे पुसून, कुलूप घालून त्या परत गेटवर आल्या.

"मिळालं का कार्ड?" काकांनी हळूच विचारलं.

मॅडमनी पर्स उघडली, चाचपली, बंद केली.

"जाऊन येते," त्या म्हणाल्या.